पावणेएक ते तीन

सोम. ३ नोव्हेंबर
मृणला पुण्याहून येऊन महिना झाला. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिलीय, पण या महिनाअखेरपर्यंतच, बघू जमतंय का म्हणून. मीटिंगमधून सारखी गायब व्हायला लागली तर परत पुणे. सात वर्षांनी लेक सकाळी घरात दिसते. केस न विंचरता ओट्याशी उभी राहून चहा पिते. मला दुसरं काही करावंसंच वाटत नाही.

मंगळ. ४
दहाला लाइट गेली. मंगळवारी दहा ते तीन दुरुस्ती, ठरलेलंच. इन्व्हर्टरने पावणेएकला मान टाकली. इंटरनेट गेलं, मृण बोलता बोलता मीटिंगमधून बाहेर. हे म्हणाले, "नवी बॅटरी आणू." म्हटलं, थांबा जरा. आधी वीज जाते कुठे ते बघू. तीस वर्षं विज्ञान शिकवलं ते काय उगाच?

बुध. ५
दिनेश येऊन गेला. माझा जुना विद्यार्थी, आता पाली ते पूर्णगड सगळ्यांच्या घरची वायरिंग बघतो. विजेच्या धड्याला कायम मागच्या बाकावर डुलक्या. आज तो शिकवत होता, मी वही घेऊन.
"बाई, बॅटरी बरी हाय ओ. तुमीच तिला पिळून काढताव."
एक छोटं मीटर ठेवून गेलाय. भिंतीतल्या प्लगात ते खोचायचं, त्याच्यात वस्तू खोचायची, आकडा दिसतो. बॅटरीत अजून सहाशेच्या आसपास वॅट-तास आहेत म्हणाला.

गुरु. ६
मृणचा लॅपटॉप ४५. दुसरा स्क्रीन २८. इंटरनेटचा डबा १०. टेबलफॅन ४८. टीव्हीखालचा केबलचा डबा १२, आणि तो टीव्ही बंद असताना! हात लावला तर कोमट.
हे : "बंदच असतो की गो तो."
काय बंद. झोपेचं सोंग नुसतं. प्लग काढला. हे रुसले, कारण तो परत सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो आणि तेवढ्यात बातम्यांचे मथळे जातात.
बेरीज १४३. सहाशेला भागून चार तास तरी यायला हवेत. आले पावणेतीन. म्हणजे अजून पाऊणशे-ऐंशी वॅट कोणीतरी खातंय.

शनि. ८
चोर शोधणं चालू. यांच्या फोनचा चार्जर, दारावरची बेल, देवघरातला बारका दिवा, प्रिंटर. सगळे मिळूनही दहाच्या वर जाईनात. हे म्हणाले, "आता मलाच लाव एकदा ते मीटर." म्हटलं, तुम्ही चहावर चालता.
मग मृण हळूच : "आई, तुझा कॉम्प्युटर मोजलास?"
"तो कुठे काय करतो? नुसता चालू असतो."
खरंच नुसता असतो. शाळेच्या जुन्या बॅचचे फोटो त्यात लावतेय. सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात म्हणून सकाळी लावते तो रात्रीपर्यंत.
मोजला. ८१.
सगळ्यांच्या मागे हात धुवून लागले होते. हे फार वेळ हसू आवरत होते. लाज वाटली, मग मलाही हसू आलं.

मंगळ. ११
माझा बंद, केबलचा डबा बंद. अडीचपर्यंत टिकलं! तरी मृणचं शेवटच्या अर्ध्या तासातलं बोलणं हुकलंच.

शुक्र. १४
दुसऱ्या स्क्रीनचा उजेड निम्मा केला. २८ चे १६. मृणचा विश्वासच बसेना, म्हणे डोळ्यांनाही बरं वाटतंय. पंखा एकवर, ३९. शिवाय लाइट जायच्या आधी लॅपटॉप पुरता भरून ठेवायचा. भागाकार दोनदा करून पाहिला. साडेपाच तास येतायत.

मंगळ. १८
तीन वाजून दहा मिनिटांनी लाइट आली. इन्व्हर्टर तेव्हाही चालूच. मृणची मीटिंग एका दमात पार. आतून ओरडली, "आई, जमलं!" हे लगोलग बांगडे घेऊन आले. दिनेशला फोन केला, तर तो म्हणतो, "बाई, पास केलंत का मग मला?" केलं रे बाबा.

शनि. २२
कंपनीची मेल आली. हवं तर पूर्ण वर्ष घरून काम कर, शुक्रवारपर्यंत कळव. मी टाळ्या वाजवल्या. मृणने नाही वाजवल्या. "बघते" म्हणाली नि फोन उलटा ठेवला.

रवि. २३
नीट झोप नाही. तीन आठवडे वॅट मोजत बसले. तिला राहायचंय का, हे एकदाही विचारलं नव्हतं. तिने घरून काम मागून घेतलं म्हणजे ती कायमची आली, असं मीच धरून चालले.
दुपारी लसूण सोलताना विचारलं.
"तिथं मैत्रिणी आहेत गं. संध्याकाळी कुणाबरोबर तरी बाहेर पडता येतं. इथं तुम्ही दोघं आहात, भूक लागते, झोप लागते. मला दोन्ही आवडतं. काय करू?"
सोललेल्या पाकळ्या वाटीत ओढल्या. म्हटलं, तू ठरव, मी मध्ये पडणार नाही.

मंगळ. २५
आजही दहा ते तीन निभावलं. कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं.
मध्ये पडणार नाही म्हटलंय, ते पाळतेय. सकाळपासून तिच्या खोलीत फक्त तीनदा गेले. एकदा पाणी द्यायला, एकदा पेला आणायला, एकदा उगाच. तिसऱ्यांदा तिने कानातला इअरफोन काढून विचारलं, "काय गं?" म्हटलं, काही नाही. राहा गो, असं अगदी जिभेवर आलं होतं.
शुक्रवारला अजून तीन दिवस.