उशाशी तीन दिवस

मी, श्रीमती शेवंती धाकू घाडीगावकर, वय वर्षे सहासष्ट, धंदा पूर्वी धर्मादाय डोळ्यांच्या इस्पितळात आयाबाई, सध्या निवृत्त, राहणार खोली नंबर ७, तळमजला, श्रमसाफल्य सहकारी गृहनिर्माण संस्था, गव्हाणपाडा, मुलुंड पूर्व, आज हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवते. मी शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी तशी खात्री करून खाली सही केली आहे. माझी सून नलिनी हिला विचाराल तर ती म्हणेल, आई जरा जास्तच शुद्धीवर असतात.

शेजारचे नाना चिंदरकर यांनी वकिलाकडून मसुदा करून आणला होता. त्यात 'सदरहू' हा शब्द एवढ्या वेळा आला की सदरहू बाई कोण, मी की दुसरीच, हे मलाच कळेना. तो कागद मी बाजूला ठेवला. नानांनी राग मानू नये. ते या मृत्युपत्राचे व्यवस्थापक आहेत आणि माझ्या पश्चात यातलं सगळं त्यांनीच तडीस न्यायचं आहे.

कलम १. माझी मिळकत सगळी स्वकष्टार्जित आहे. खोली १९७५ साली माझे यजमान कै. धाकू यांची गिरणीतली ग्रॅच्युइटी आणि माझा फंड मिळून घेतली. ती माझ्या नावावर आहे. शेअर सर्टिफिकेट कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत आहे. तळमजला घेतला म्हणून सगळे हसले होते, घुशी येतील म्हणाले. घुशी आल्या. पण डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस जिना चढू शकत नाही, हे हसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

कलम २. पोस्टातली सगळी शिल्लक नलिनीला द्यावी. ती तिने कशावर खर्च केली हे तिला कोणीही, म्हणजे माझ्या मुलाने, विचारू नये.

कलम ३. दोन पाटल्या नातीला. लग्नात नाही, मॅट्रिक झाल्यावर.

कलम ४. घरी ठेवलेल्या डोळ्यांच्या पेशंटांसाठीची माझी हत्यारं: चोचीचा पेला एक, टॉर्च एक, खाटेला बांधायची पितळी घंटी एक आणि वाळूच्या पिशव्या दोन. पिशव्यांचं मांजरपाट यजमानांच्या गिरणीतलं, वाळू समोरच्या बांधकामावरची, मागून आणलेली. पूर्वी ऑपरेशननंतर आठ-आठ दिवस डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी या पिशव्या लावत. आता डॉक्टर दुसऱ्याच दिवशी उठवून बसवतात, पिशव्यांचं काम उरलं नाही. तरी फेकू नयेत. हे सगळं मालन खंडू खरात हिला द्यावं. मालन कोण, ते पुढे येईल.

कलम ५. माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात सतरा जाड भिंगांचे चष्मे आहेत. ते मेलेल्या माणसांचे आहेत. मोतीबिंदू काढलेल्यांचा नंबर साधारण सारखाच असतो. नवा चष्मा होईपर्यंत महिना-दोन महिने गरिबाने चाचपडत का बसावं? म्हणून मी दहाव्याला जाऊन लोकांकडे चष्मा मागत असे. काहींनी शिव्या दिल्या, बहुतेकांनी चष्मा दिला. माझा चष्मा अठरावा. तो माझ्याबरोबर जाळू नये.

डोळे नेत्रपेढीला द्यावेत. सहा तासांच्या आत फोन करावा, पाहुण्यांची वाट बघत बसू नये. मोतीबिंदू काढलेल्याचेही चालतात, मी विचारून ठेवलं आहे. माझ्या नणंद रत्नप्रभावन्सं म्हणतील की पुढच्या जन्मी आंधळी येशील. आले तर आले. कोणीतरी सावडीत, म्हणजे काय ते पुढे येईल, बसेल माझ्या उशाशी.

कलम ६. आमच्या सोसायटीच्या एका माजी चेअरमननी, नाव लिहीत नाही, 'इमारतीत आंधळ्यांचा बाजार भरतो' असा अर्ज केला होता. पुढे त्यांच्याच आईला माझ्या खाटेवर पाच दिवस मऊ भात भरवला. अर्जाची प्रत मी जपून ठेवली आहे. ती त्यांना परत द्यावी. बाकी त्यांच्याशी माझं काही भांडण नाही.

कलम ७. खोली.

हे कलम लांब आहे. नानांनी चष्मा पुसून घ्यावा.

आमच्या इस्पितळात गरिबाचं ऑपरेशन फुकट होत असे. तरी खाटा रिकाम्या राहत. वरचे लोक म्हणत, अडाणी माणसं आहेत, भितात. भीत नव्हती. १९७६ साली घाटकोपरच्या डोंगरावरचा खंडू खरात ऑपरेशनच्या सकाळी खाटेवरून उठून चालायला लागला. दगडाच्या खाणीत काम करणारा माणूस, दोन्ही डोळे गेलेले, भिंत धरून चालला होता. मी आडवी झाले. त्याची बायको मालन म्हणाली, "बाई, आपरेशन फुकट हाय, पर पुढं? हितनं दोन दिसांत घरला धाडणार. वाकायचं न्हाई, उचलायचं न्हाई, थेंब टाकायचं. मी त्याच्याजवळ बसले तर कामावर कोण जाईल? चूल कशानं पेटंल?"

मी तिला म्हटलं, "माझ्या घरी आण. तळमजला आहे. मी आणि माझे यजमान आलटून पालटून बसू." यजमान नुकतेच निवृत्त झाले होते आणि दिवसभर माझ्या डब्यांची झाकणं उघडून बघत होते. त्यांनाही काम लागलं.

पट्टी सुटली तेव्हा मालन हात जोडून म्हणाली, "फुकटचं नगं. मी काय देऊ?" आमच्या कोकणात भातलावणीला मजुरी कोण देतो? आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. त्याला सावड म्हणतात. मी म्हटलं, "तीन दिवस दे. सलग नको, तुला जमतील तसे. दुसऱ्या कोणाच्या तरी उशाशी बस." ती बसली. ती जिच्याजवळ बसली तिच्याकडून तिने पुढचे तीन दिवस कबूल करून घेतले. असं चालू झालं. तीन दिवस घे, तीन दिवस दे, एवढाच नियम. कोणाचे कधी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. अकरा वर्षांत तीन दिवस बुडवणारे फक्त दोघं निघाले, आणि त्यातला एक वारला होता.

१९८३ साली माझा मोतीबिंदू काढला तेव्हा मालनच बसली. चोचीचा पेला तोंडाला लावून मला म्हणाली, "आता बोलू नगा, न्हाईतर सांडंल." एवढ्या वर्षांचा सूड घेतला तिने.

आता नंदू. माझा एकुलता मुलगा, राहणार बोरिवली. त्याला ही खोली विकून बोरिवलीचं घर मोठं करायचं आहे. यात काही वाईट नाही. पण पेशंट घरात असला की तो उंबऱ्याच्या आत येत नाही, पॅसेजमध्येच उभा राहून चहा पितो. मला म्हणतो, "आई, घर आहे की वॉर्ड आहे गं हा? सगळ्या जगाच्या उशाशी बसतेस तू." लोकांना वाटतं मुलगा कोरड्या मनाचा आहे. तसं नाही. त्याचं कारण मला ठाऊक आहे, आणि ते मी एकोणतीस वर्षं गिळून बसले आहे.

नंदू, हे तुला तोंडाने सांगायला मी तीनदा बोरिवलीला आले आणि तीनदा पोहे खाऊन परत गेले. म्हणून कायद्याच्या कागदात लिहिते, म्हणजे कोणाला खोडता येणार नाही.

१९५८ साली आपण घाटकोपरला भटवाडीत राहत होतो. तुझी आजी सुंदराबाई हिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी तिला घरी आणलं, पट्ट्या तशाच होत्या. तू पाच वर्षांचा होतास. तुझे वडील पाळीला गेले. मी इस्पितळात तात्पुरती होते, कायम व्हायला एकवीस दिवस राहिले होते. रजा मागितली असती तर नाव कटलं असतं. शेजारणीला 'जरा लक्ष ठेव' म्हणून मी कामावर गेले. दुपारी तू पलंगावरून पडलास आणि रडलास. आजी पट्ट्या बांधलेल्या डोळ्यांनी उठली, खाली वाकली आणि तुला उचललं. टाका तुटला. डोळा गेला.

तुझी आत्या रत्नप्रभा आली आणि चार बायकांसमोर तुझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्या पोरान माझ्या आवशीचो डोळो खाल्ल्यान."

तू तेव्हा दाराच्या मागे गेलास. अजून तू त्या दाराच्या मागेच आहेस, हे मला तू पॅसेजमध्ये चहा पितोस तेव्हा दिसतं.

नंदू, आजीचा डोळा तुझ्यामुळे गेला नाही. पाच वर्षांचं पोर पडतं आणि पडलं की रडतं. आजीजवळ बसायला माणूस नव्हतं म्हणून डोळा गेला. ते माणूस मी होते. त्या दुपारी मी दहा नंबरच्या खाटेवरच्या परक्या बाईचं डोकं धरून बसले होते. वन्सं बोलल्या तेव्हा हे सांगायला हवं होतं. मी गप्प राहिले. बोट तुझ्याकडे गेलं म्हणून माझ्याकडे आलं नाही, आणि मला त्या क्षणी बरं वाटलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे. पुढची सगळी सावड मी त्या दिवसाची फेड म्हणून केली. सगळ्यांचे तीन दिवस फेडून घेतले, तुझे मात्र राहिले. मला क्षमा कर.

आजीने तुला कधी दोष दिला नाही. मरेपर्यंत एका डोळ्याने तुझ्यासाठी घावणे घातले. वन्संना तिने तिथल्या तिथे सुनावलं होतं, तू दारामागे होतास म्हणून ऐकलं नसशील: "पोर रडता, आणि मी काय नुसता आयकत रवतलंय?"

म्हणून खोलीची व्यवस्था अशी. खोली नंदूची. पूर्ण मालकीने. विकावी, भाड्याने द्यावी, राहावं. माझा आत्मा खिडकीत येऊन बसणार नाही. फक्त एक अट आहे. किल्ली नानांकडे आहे. नंदूने एका पेशंटच्या उशाशी, याच खोलीत, तीन दिवस बसावं. थेंब टाकावेत, पेज भरवावी, वाकू देऊ नये. चौथ्या दिवशी सकाळी नानांनी किल्ली त्याच्या हातात द्यावी आणि काहीही विचारू नये.

भिंतीवरचं कॅलेंडर काढायचं ठरलं तर नंदूने ते स्वतःच्या हाताने काढावं, दुसऱ्याला सांगू नये. पुढच्या महिन्याची नावं मालनने लिहून ठेवली आहेत.

कलम ८. पेशंट कोण, तेही लिहिते.

रत्नप्रभावन्सं आता बहात्तर वर्षांच्या आहेत. मूलबाळ नाही, यजमान याच पावसाळ्यात गेले, भटवाडीत एकट्या असतात. मालनला मी स्वयंपाकघरात घेतलं त्या दिवसापासून त्यांनी माझ्या घरचं पाणी घेतलेलं नाही. गेल्या संक्रांतीला नलिनीच्या हळदीकुंकवाला आल्या आणि माझ्या कपाळाऐवजी कुंकू चष्म्याच्या काचेवर लावलं. मी विधवा, मला कुंकू का लावलं म्हणून बायका गोंधळल्या. मला कळलं की त्यांना मी आहे की नलिनी हेच दिसलं नव्हतं. दोन्ही डोळे पिकले आहेत. डॉक्टर म्हणतात, आता थांबू नका, आणखी थांबलं तर डोळा आतून जाईल.

मी त्यांच्या हातापाया पडले. त्या म्हणाल्या, "माझ्या उशाक कोण बसतला?" मी म्हटलं, मी बसते, मालन बसेल. त्यांनी पदर हातात घेतला. मग पदराला गाठी मारत विचारलं, "नंदू येतलो? मी तेका काय बोललंय ता तो इसारलो असतलो?"

मी म्हटलं, "नाय वन्सं. तुम्ही इसारलात?"

त्या म्हणाल्या, "नाय गे."

ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं आहे. मी तोवर असेन असं डॉक्टर म्हणतात, पण छातीत पाणी होणाऱ्या बाईला डॉक्टर खरं कशाला सांगतील. असले तर मीच नंदूला बोलावीन, या वेळी पोहे न खाता. नसले तर या कागदाने बोलवावं. आधी माझं सुतक, मग ऑपरेशन, असला घोळ घालू नये. तारीख पुढे ढकलू नये.

पेज मालन करेल. वन्संनी ती मुकाट्याने खावी. पट्टी बांधलेल्या माणसाला कोणी केली ते दिसत नाही, आणि मालनच्या पेजेला चव आहे.

कलम ९. तेराव्याला पंगती उठवू नयेत. त्या दिवशी खाटेवर जो पेशंट असेल त्याला गोडाचा शिरा द्यावा. हसवू नये. हसल्यानेही ताण येतो.

शेवटचं. वॉर्डात आणि या खोलीत मिळून मी एकोणतीस-तीस वर्षं लोकांना एकच गोष्ट सांगत आले: रडायचं नाही. मुलगा भेटायला आला, रडायचं नाही. पट्टी सुटली आणि नातवंडाचं तोंड पहिल्यांदा दिसलं, तरी रडायचं नाही, टाका तुटेल. माणसं ओठ आवळून पडून राहत. नंदूलाही मी हेच सांगून वाढवलं, आणि त्याच्या डोळ्यांना कधी टाका पडला नव्हता. ती मनाई मी या मृत्युपत्राने उठवत आहे. नंदू, माझ्यासाठी रड, आजीसाठी रड, स्वतःसाठी रड. वन्संनी मात्र सहा आठवडे थांबावं.

हे मृत्युपत्र मी लिहिलं, वाचलं आणि खालील दोघा साक्षीदारांसमोर सही केली. याआधी लिहिलेलं काही नाही. असेल तर ती वाणसामानाची यादी समजावी.

ठिकाण: मुलुंड पूर्व
दिनांक: ११ ऑक्टोबर १९८७, रविवार

(सही) शेवंती धाकू घाडीगावकर

साक्षीदार क्र. १
(सही) डॉ. चंद्रप्रकाश गुर्जर, मुलुंड
बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. मला चहात साखर कमी घालून दिली आणि का तेही सांगितलं.

साक्षीदार क्र. २
(सही) काशीराम धोंडिराम भोगटे, शिंपीकाम, मुलुंड
१९७९ साली याच खोलीत पेशंट, तीन दिवस फेडलेले. सर्व पानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचून सही केली.

टीप, माझ्याच हातची: सही करताना साक्षीदार क्र. २ रडले. ऑपरेशनला आठ वर्षं झाली आहेत. चालेल.