जाताना हात धरा

३ जून, बारामती
आले एकदाची! दवाखान्याच्या मागे सहा खाटांचा कक्ष, खिडकीत कडुनिंब. बरे न होणाऱ्यांच्या वेदना हलक्या करायच्या, हे आमचं काम. मंजूर नर्स चार, हजर एकटी मी, स्वरदा. बाकी तिघी अनुदान आलं की येतील, असं डॉक्टर केयूर म्हणाले. सरकारी काम, सहा महिने थांब. थांबू की!

९ जून
तीन नंबरला कोऱ्हाळ्याच्या गोजरबाई. पोटाचा कॅन्सर, पण जीभ तिखट. माझ्या चहाला रोज नावं ठेवतात. आज मनगट धरून म्हणाल्या, "शिस्टर, मी जाताना हात धरा. एकटी न्हाय जायची मी." मी शब्द दिला. द्यायला काय जातं?

१७ जून
भिगवणला एका रुग्णाच्या घरी मॉर्फिन घेऊन मलाच जावं लागलं. दुसरं आहे कोण? परतले तर गोजरबाई गेलेल्या. भर दुपारी, एकट्या. हात खाटेबाहेर, बोटं पसरलेली. मला माझीच लाज वाटते.

२६ जून
पिंपळीहून आले तर पाच नंबरचे इब्राहिमचाचा गेलेले, चेहरा शांत. त्यांची मुलगी वहिदा माझेच आभार मानू लागली. ती औषध आणायला गेली तेव्हा म्हणे तुमची म्हातारी मदतनीस अब्बांचा हात धरून बसली होती.
आमच्याकडे मदतनीस नाही. वहिदा म्हणाली, तुमच्या चहाला नावं ठेवत होती.

२ जुलै
अनुदानाची तपासणी समिती येऊन गेली. शेरा : चार कर्मचारी हजर, मनुष्यबळ पुरेसं, रिकामी पदं रद्द. मी एकटीच होते! बाकी तिघी कोण, विचारलं. म्हणे, वयस्कर आहेत पण कामाला चोख.
गोजरबाई धरून माझ्या पाठीमागे इथं एकट्या गेलेल्या बायकाही तिघीच.

६ जुलै
राजीनामा दिला. बदली माणूस मिळेपर्यंत सोडणार नाहीत. औषधं वाटताना मागे बांगड्या वाजल्या. वळले नाही.

११ जुलै
चार दिवस ताप. डेंगी. रजा नाही. तीन नंबर रिकामी होती, तिथंच पडले. डॉक्टर इंदापूरला गेलेत. हाका मारल्या, कुणी—

दुपार
गोजरबाई उशाशी बसल्यात. मी हात पुढे केला—
धरत नाहीत. म्हणतात, "धरला तर तुमी सुटाल. मग हितं कोण? माणसं कमी हायत, शिस्टर."
गोजरबाई, शब्द मोडला, चुकले मी— पण हात—