बोटभर उघडी जागा

आये, तुझं चित्र पुस्तकात छापून आलं, आणि त्यात देवीभोवतीच्या चौकाची रेघ चारही बाजूंनी जुळलेली आहे. हे आधी सांगते, बाकीचं मागाहून. तू असतीस तर पुस्तक उलटंसुलटं केलं असतंस, पान नाकाशी नेऊन हुंगलं असतंस आणि विचारलं असतंस, याला हात कुणी लावला? मीही कित्येक दिवस हेच विचारत फिरले. तुझा हा एक गुण माझ्यात पुरा उतरला आहे. कुणी गोड बोललं की माझं लक्ष त्याच्या हातांकडे जातं.

ती पुस्तकवाली बाई पुण्याहून आली तेव्हा फारच गोड बोलली. लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढते म्हणाली. झाईच्या अंगणवाडीत मी मुलांना तुझी देवीची गोष्ट सांगते, हे तिला कोसबाडला कुणीतरी सांगितलं होतं. तिने चपला बाहेर काढल्या, बिनसाखरेचा चहा मागितला आणि म्हणाली, गोष्ट तुमचीच राहणार ताई, आम्ही फक्त कागद पुरवणार. मी मनात म्हटलं, नुसता कागद पुरवायला कुणी एवढ्या लांब येत नाही. गोष्ट तिने फोनमध्ये भरून घेतली. मग मी तुझी पत्र्याची पेटी उघडली. तळाला तुझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक मोठं चित्र निघालं, त्यात कडेला एक टेम्पो, टपावर टायर बांधलेला. बाई हरखून गेली. मला मात्र तुझाच संशय आला. तू कधी गाड्या काढल्या नव्हत्यास. वाटलं, शेवटी शेवटी म्हातारीही गिऱ्हाइकाच्या आवडीचं काढायला लागली. चौकाकडे मी बघितलंसुद्धा नाही, तो तर मला पाठ होता. परत करते असं लिहून देऊन बाई चित्र घेऊन गेली.

पाठ होता, कारण तुझे कागदावरचे सगळे चौक सारखेच. मधे लग्नाची पालघट देवी, भोवती नक्षीचा चौकोन, आणि उजव्या अंगाला खाली रेघ बोटभर तुटलेली. बाप होता तोवर लग्नाच्या भिंतीवर चौक काढायला आशागडच्या आसपासचे सगळे पाडे तुलाच बोलवायचे. तो गेला आणि तुझा हात बंद झाला, कारण लग्नाचा चौक सवाशिणींनीच काढायचा. पुढे डहाणूहून कागद घेऊन माणसं यायला लागली आणि तू पुन्हा काढू लागलीस, पण रेघ तुटकी ठेवून. ती का, हे तू तिघांना तीन तऱ्हांनी सांगितलंस. कागदवाल्या साहेबाला म्हणालीस, पीठ संपलं. लग्नात देवांची गाणी म्हणणारी धवलेरी जाब विचारायला आली, तिला म्हणालीस, “रेघेचा तोंड उघडा हाय ना? मग हा चौक नाय. निसता कागद हाय.” आणि मला म्हणालीस, देवीला बाहेर जायला वाट नको का? त्या वाटेवरून ती गोष्ट निघाली. दुपारी सगळी गवत कापायला गेली की देवी फटीतून भिंतीवरून उतरते, घरोघरची मडकी उघडून बघते, रिकाम्या मडक्यात मूठभर तांदूळ टाकते आणि माणसं परतायच्या आत पांढरे पाय पुसून जागेवर जाऊन बसते. तीनपैकी खरं कारण कोणतं, याची शंका मला तेव्हाही होती.

दहा वर्षांची असताना मी ती फट बुजवली होती, आठवतं? मला वाटलं, तू विसरलीस. तू पाणी घेऊन येतेस, डोक्यावरचा हंडा न उतरवताच कागद बघतेस. मग पळीचा दांडा माझ्या बोटांवर बसतो आणि अख्खा कागद चुलीत जातो. मी दिवसभर रुसून बसले. संध्याकाळी तू बांबूची नवी काडी आणलीस, तिचं टोक स्वतःच्या दातांनी चावून मऊ केलंस आणि माझ्या हातात ठेवलीस. “लगीन झाल्यावर भिंतीवर काढ,” एवढंच म्हणालीस.

तर पुस्तकांचा खोका अंगणवाडीत आला. मुलांना गोल बसवून मी वाचायला लागले. देवी फटीतून उतरली, इथवर आले आणि सुकी मासळी विकणाऱ्या बाईची पोर पुढे सरकली. तिने चौकाच्या रेघेवरून बोट फिरवलं, चारही बाजूंनी, दोनदा. मग म्हणाली, “बाई, ही निघाली कुठून? दार तर नाय.” मी पुस्तक जवळ ओढलं. फट नव्हती.

मुलांना खिचडी वाढून झाली तशी मी पुण्याला फोन लावला. तुमच्या कंप्युटरवाल्याने रेघ जोडली, म्हटलं. ती म्हणाली, आम्ही एक टिंबही बदललेलं नाही. सगळे हेच म्हणतात, म्हटलं. तिने मूळ चित्राचा फोटो पाठवला, मी म्हटलं फोटोही तुमचाच. पाड्यावर सांगितलं, तलासरीला मीटिंगमध्ये बाकीच्या सेविकांना सांगितलं, की शहरातल्या लोकांनी आपल्या देवीला कोंडून घातलं. सगळ्या माना हलवत होत्या आणि मला जोर चढत होता, खोटं कशाला बोलू. शेवटी बाई थकली. म्हणाली, पुढच्या छपाईत तिथे फट पाडून देते, तुम्ही फक्त हो कळवा. आणि तुझं चित्र कुरियरने परत पाठवलं.

चित्र मी दाराच्या उजेडात धरलं. रेघ जुळलेलीच होती. पहिला विचार आला, मेल्यांनी मूळ चित्रावरही पांढरा फिरवला. नखाने खरवडलं, ओलं बोट लावून चाखलं. पांढरा सगळीकडे तोच, तांदळाचं पीठ आणि डिंक. उजव्या अंगाला खाली, जिथे फट हवी होती, तिथून सुकलेल्या रंगाची एक जुनी भेग रेघेतून दोन्हीकडे सलग गेलेली. ती भेग काही पुण्यात पडलेली नव्हती. मग कुठे मी चित्र पहिल्यांदा नीट बघितलं. टेम्पोच्या टपावर टायर, टायरवर बसलेली तीन पोरं. माझं वऱ्हाड झाईहून असंच आलं होतं. आणि चौकाच्या बाहेर, सगळ्यांपासून लांब, चुलीपाशी एकटी बसलेली बाई, हातात पळी.

माझ्या लग्नाचा दिवस. आत सवाशिणी भिंतीवर माझा चौक काढताहेत, धवलेरीचं गाणं चाललं आहे, मी हळदीने माखलेली. तू बाहेर भात ढवळते आहेस, धुराने डोळे लाल. मी तुला आत ये म्हटलं आणि तू म्हणालीस भात लागेल, असंच मी पुढे सगळ्यांना सांगत आले. तुला त्या चौकाचं काही वाटत नव्हतं, असंही म्हणत आले. आणि तू मागाहून कधीतरी, कुणाच्या नकळत, माझा चौक काढलास. पुरा काढलास, रेघ जोडलीस, लुगड्यात गुंडाळून पेटीच्या तळाला घातलास आणि कुठल्याही साहेबाला दाखवला नाहीस. मी उंबऱ्यात बसून रडले, आये. अंगणवाडीला त्या दिवशी उशीर झाला.

बाईला कळवलं, फट पाडू नका, आहे तसंच राहू दे. का, ते सांगितलं नाही. माफीही मागितली नाही. मागायला गेले तर कारण सांगावं लागेल, आणि कारण कळलं की ती तेही पुस्तकाच्या मागे छापेल, तिचा नेम नाही. पाड्यावरही अजून गप्पच आहे.

पण पोर गप्प बसली नाही. दुसऱ्या दिवशी तेच पान काढून दार शोधायला लागली. मी म्हटलं, “त्या दिवशी देवी बाहेर गेलीच नाही. घरात लेकीचं लगीन होतं.” तिला पटलं. टेम्पोवर बोट ठेवून हसली. मग बोट सरकत चुलीपाशी गेलं. “मग ही का बाहेर?”

मी पान उलटलं. हे लिहून झालं की चित्राबरोबर लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवीन, दुसरीकडे कुठे टाकणार? पोरीला जे सांगता आलं नाही ते तुला सांगते. मी तुला हाक मारलीच नव्हती. तुझी सावली माझ्या चौकावर पडेल, याची मलाही भीती वाटली होती.