भेंडीवरचे हिंगे आणि पाचवं स्थळ

१२ ऑगस्ट, सोमवार
रविवारी मुलचेऱ्याहून पाहुणे येणार, मुलगा पाहायला. मुलगा मीच. वय छत्तीस, भद्रावतीत ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो. आधीच्या चार स्थळांनी नकार दिला, कारण मी फार कमी बोललो. या वेळी इम्प्रेशन पाडायचं. विषय: हिंगे. आईच्या भेंडीवर सध्या हे किडे भरपूर आहेत, काळे, केशरी पट्ट्यांचे.

१४ ऑगस्ट
आई हिंगे झटकून साबणाच्या पाण्यात टाकत होती. थांबवलं. यांच्या अळ्या जमिनीत टोळांची अंडी खातात, हे समजावलं. आई म्हणाली, "अळ्या भल्या असतीन. मायबाप तं माही भेंडी खाऊन राह्यले." वैज्ञानिक दृष्टी नाही.

१६ ऑगस्ट
भाषण तयार. नर आपलं विष मिलनात मादीला देतो. ते अंड्यांमध्ये उतरतं आणि अंडी वाचतात. रोमँटिक मुद्दा, शेवटी घ्यावा.

१७ ऑगस्ट, सकाळी
दाखवायला डबीत सहा हिंगे धरले. ग्लोव्ह्ज कशाला? दाबल्याशिवाय हिंगा गुडघ्यांतून ते फोड आणणारं पिवळं तेल सोडत नाही, दरवर्षी शिकवतो मी. एक कॉलरमध्ये शिरला. दचकून हात मारला. दाबला असं नाही म्हणता येणार. मग त्याच हाताने गाल खाजवला.

संध्याकाळी
मान जळजळतेय. उकाडा. आई धुऊन घे म्हणते. बघू.

१८ ऑगस्ट, रविवार, सकाळी
मानेवर बोराएवढा फोड, गालावर लांबट. दोन्ही पाण्याने भरलेले. आई रडवेली झाली. मी खूश. डबीपेक्षा हा पुरावा भारी.

रात्री
जेवण नको म्हटलं.
पाहुणे येऊन गेले. मुलीच्या, रीनाच्या, वडिलांनी गाल पाहून खुर्ची मागे घेतली आणि नागीण झाली का विचारलं. गैरसमज दूर करणं भाग होतं, म्हणून बोलायला लागलो. आई दोनदा पोहे घेऊन आली, दोनदा हातानेच थांबवली. रोमँटिक मुद्द्यावर रीनाची आई उठून अंगणात गेली. निघताना रीना दाराशी थांबली.

"फोड बरे होतीन, त्याचं काही नाई. पण तुम्ही मले एक बी गोष्ट विचारली नाई."

तासाभरात फोनवर नकार आला. फोडांमुळेच, हे मी आईला पटवून देत होतो. ती गार झालेले पोहे परत डब्यात भरत होती. वर न पाहता म्हणाली, "पोरगी करते काय, सांग बरं."

आठवेना. बायोडाटा मी वाचलाच नव्हता. म्हटलं, विचारून सांगतो.

"कोणाले?" आई म्हणाली.

वाईट वाटलं. गाल फार ठणकतोय.