रेघेची कुठली कड

प्रिय लिंडी,

हंगाम संपला. मैदानावर मोजायची साखळी धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून कॉलेजच्या शेडमध्ये खुंटीला टांगून आलो. एल्डन म्हणाला, "अरे, लोखंड आहे ते, बाळंतीण नाही. किती शेक-मालिश करशील?" तो दुसऱ्या टोकाची काठी धरतो म्हणजे साखळीवर त्याचाही निम्मा हक्क आहे हे मान्य, पण तेलाच्या बाबतीत मी त्याचं ऐकत नाही. एक कडी गंजून आखडली तर दहा यार्ड दहा राहत नाहीत.

आपल्या व्हेल्बी कॉलेजनं यंदा फुटबॉलची लूप रिव्हर कॉन्फरन्स स्पर्धा जिंकली, हे तुला कळलंच असेल. सुरुवातीचे दोन सामने हरल्यावर आख्खं गाव प्रशिक्षकाला हाकलायला निघालं होतं. हेअर-कटिंगच्या खुर्चीतल्या प्रत्येक माणसाकडे त्याच्यापेक्षा सरस डावपेच होते. मग पोरं जिंकायला लागली आणि त्याच खुर्चीतले तेच लोक म्हणायला लागले, आम्ही आधीपासूनच सांगत होतो. शेवटच्या शनिवारी कोल्टनविरुद्ध सामना होता, आपल्याच मैदानावर, आणि जो जिंकेल त्याचं विजेतेपद. वारा असा की काठी दोन्ही हातांनी धरावी लागत होती. आपण तीन गुणांनी जिंकलो. लोक कठड्यांवरून उड्या टाकून मैदानात घुसले. बँकेतली ती कडक व्हेर्ना, जी कधी कुणाला हसून परत पाठवत नाही, ती चेंडू धरलेल्या पोराच्या गळ्यात पडून रडत होती. मी आणि एल्डन पाहुण्या संघाच्या बाजूला साखळी गोळा करत होतो. आपलं काम असं की सामन्यात टाळी वाजवायची नाही, कॉलेजचा रंग अंगावर घालायचा नाही, हातसुद्धा वर करायचा नाही. शिट्टी वाजून सामना संपला की मोकळं व्हायला हरकत नसते. पण इतक्या वर्षांनी हात आपोआप वर जात नाही. "व्हर्लिन," एल्डन म्हणाला, "मयतीला तू याच्यापेक्षा जास्त हसतोस." मी म्हटलं, आधी तुझ्या पायाखालची कडी सोड.

घरी येऊन राजमा-खिम्याची चिली गरम केली. सोबत दालचिनीचा रोल, तुझी आई करायची तसा नाही, बेकरीतला. तिच्या मापानं चिली करायची सवय अजून मोडलेली नाही. तीन माणसांची होते आणि बुधवारपर्यंत पुरते.

तू नऊ वर्षांची असताना शुक्रवारी रेघा मारायला माझ्याबरोबर यायचीस, आठवतं का? चुन्याची गाडी ढकलायचा हट्ट करायचीस. मी कॉलेजात कधी शिकलो नाही, पंपाची आणि पवनचक्कीची दुरुस्ती माझी मीच शिकलो आणि नियमांचं पुस्तकही माझं मीच वाचलं. तेव्हा जे येत होतं ते तुला शिकवलं. खेळ साधा आहे, चेंडू हातात घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही गेलात तर चेंडू दुसऱ्याचा. पण ते दहा यार्ड नेमके कुठून कुठपर्यंत, हे आपल्या साखळीवर ठरतं. साखळी मैदानाच्या कडेला असते आणि चेंडू मध्ये. म्हणून साखळी जिथे एखाद्या पांढऱ्या रेघेवरून जाते तिथे तिला चिमटा लावायचा, आणि मोजायची वेळ आली की तो चिमटा मध्ये नेऊन त्याच रेघेवर टेकवायचा. तू म्हणाली होतीस, "हे तर सोपंय!" मी विचारलं होतं, रेघ चार इंच रुंद आहे, चिमटा रेघेच्या कुठल्या कडेला? तू खाली वाकून बघितलंस, बराच वेळ बघितलंस, आणि म्हणालीस, "मागच्या. नेहमी मागच्या. नाहीतर चार इंचांची चोरी होईल." त्या दिवशी तुझ्या आईला जेवताना मी हे दोनदा सांगितलं.

तू पुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलास, आपल्याच कॉन्फरन्समध्ये लाइनपंच झालीस, साखळीवाले तुझ्या हुकमात आले, तेव्हा गावात मी काय मिरवलो असेन ते एल्डनला विचार. मग तू फोन करून सांगितलंस की कॉन्फरन्सच्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात तू माझं नाव भरलं आहेस. ज्या मैदानावर रक्ताचं माणूस काम करतं तिथे पंचानं उभं राहायचं नाही, हा नियम. कॉन्फरन्समध्ये आठ कॉलेजं, आणि तुझ्यासाठी सात मैदानं. मी म्हटलं, बरोबर केलंस. आणि ते बरोबरच होतं. नसतं भरलंस तर मी रागावलो असतो. तू "ठीक आहे, बाबा" म्हणालीस. त्यानंतर हंगामातले शनिवार तुझे तिकडे, माझे इकडे. रविवारी तू झोपून उठतेस तोवर माझी दुपार झालेली असते, आणि फोनवर आपण हवामानाबद्दल बोलतो.

आता जे सांगतो ते तुला माहीत नाही. ऑक्टोबरात व्हेल्बीचा सामना बाहेरगावी होता, म्हणून मला सुट्टी होती. मी गाडी काढली आणि मार्लो कॉलेजला आलो, तुझा सामना बघायला. साधी तपकिरी टोपी डोळ्यांवर ओढून पाहुण्यांच्या बाजूला सगळ्यात खालच्या रांगेत, साखळीच्या बरोब्बर मागे बसलो. तू माझ्यासमोरून धावत गेलीस, चार-पाचदा. तुझ्या उजव्या बुटाची नाडी लांब सुटते, लक्ष दे.

मार्लोचे साखळीवाले म्हणजे आनंदीआनंद. एक जण सूर्यफुलाच्या बिया चघळत चिमटा लावत होता. शेवटच्या काही मिनिटांत मार्लो मागे होतं आणि चेंडू त्यांच्याकडे होता. त्या पठ्ठ्यानं चिमटा लावला तो रेघेच्या पुढच्या कडेला. मला स्वच्छ दिसलं. मोजायची वेळ आली असती तर तू नियमाप्रमाणे तो मध्ये मागच्या कडेला टेकवला असतास आणि मार्लोला चार इंच फुकट मिळाले असते. आणि चौथ्या प्रयत्नात चेंडू धरलेला पोरगा पडला तो अशा जागी, की मोजण्याशिवाय इलाजच नव्हता.

माझं तोंड उघडलं होतं, लिंडी. मी ओरडलो असतो तर तुझा बाप स्टँडमधून तुला काम शिकवतोय हे आख्ख्या मार्लोनं पाहिलं असतं. न ओरडावं तर चोरी तुझ्या हातून होणार. मी दोन्ही हातांनी बाक धरला. तू साखळीपाशी आलीस. हात लावायच्या आधी थांबलीस आणि त्याला विचारलंस, "कुठली कड?"

"कड?" तो बी थुंकून म्हणाला. "रेघेवर लावलाय की, बाई."

"रेघ चार इंच रुंद आहे. कुठली कड?"

"मागची. बहुधा."

"बहुधा नको." आणि तू खाली वाकलीस आणि बघितलंस, बराच वेळ बघितलंस. लोक हुर्यो करायला लागले होते. मग तू चिमटा धरून मध्ये गेलीस आणि पुढच्याच कडेला टेकवलास. साखळी ताणली. चेंडू काठीच्या दोन बोटं अलीकडे राहिला. तू हातानं पाहुण्यांची दिशा दाखवलीस, आणि मार्लोचा सामना तिथेच गेला.

नदीला पूर आला की जसा आवाज येतो तसा आवाज आला. माझ्या शेजारी एक धिप्पाड गृहस्थ होता, मार्लोचा, पाहुण्यांच्या बाजूला ऊन आहे म्हणून येऊन बसलेला. तो उभा राहून ओरडला, "अगं ए, डोळे घरी विसरलीस का?" आणि मग सगळ्यांकडे वळून, "हिला मोजायला शिकवलं कुणी?" लोक हसले. मी अजून साखळीवाला होतो, आणि साखळीवाला कुठल्याही मैदानावर बोलत नाही. तू निघेपर्यंत थांबलो नाही.

कोल्टनच्या सामन्याला आपल्याकडे जो लाइनपंच होता त्यानं एकदाही चिमट्याकडे बघितलं नाही. माणूस वाईट नव्हता. पण त्या गर्दीत साखळी गोळा करताना मी त्याच्या पाठीकडे बघत होतो आणि माझ्या डोक्यात एकच होतं, की इथे तू उभी असायला हवी होतीस आणि नाहीस, आणि त्याचं कारण माझ्या हातात असलेली ही काठी आहे.

तर पत्राचं कारण. साखळी टांगल्यावर मी कॉलेजच्या क्रीडा कार्यालयात गेलो आणि काठी कायमची सोडली. एल्डन म्हणाला, "आता शनिवारी करशील काय, घरी बसून पंप मोजशील?" तू त्या रकान्यातलं माझं नाव खोड. पुढच्या हंगामात तुझं नाव व्हेल्बीच्या सामन्यावर लागो न लागो, ते कॉन्फरन्सवाले ठरवतील, मी कुणाकडे शब्द टाकणार नाही. पण लागलं, तर मी पाहुण्यांच्या बाजूला खालच्या रांगेत असेन. तू काहीतरी अचूक करशील आणि आपलं गाव तुझ्यावर भडकेल, व्हेर्ना सगळ्यात आधी. कुणीतरी ओरडून विचारेलच की हिला मोजायला शिकवलं कुणी. तेव्हा तू वळून बघू नकोस, तुझं लक्ष चिमट्यावर असू दे. पण मी उभा राहणार आहे, लिंडी, आणि हात वर करणार आहे.

तुझाच,
बाबा