बाबांची सीट

मंगळवार, संध्याकाळ.

कोलार रोडच्या शोरूमवाल्याने माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचे नऊ लाख लावले. नवी घ्यायची तर वर एकवीस घालायचे. ओढूनताणून जमेल, पण हवीय का खरंच?

गुडघा वाकत नव्हता म्हणून बाबांसाठी मी डावी सीट पार मागे सरकवली होती. "जमिनीवर बसवतोस रे मला," म्हणून दर वेळी कुरकुरायचे. याच सीटवर बसवून त्यांना दवाखान्यात नेलं. येताना ती रिकामी होती. तेव्हापासून तिला हात लावला नाही, कोणाला बसूही दिलं नाही.

आज गाडी तपासताना त्या माणसाने ती सीट खाडकन पुढे ओढली.

"स्लाइड बढिया है, सर."

मला ओरडायचं होतं. मी म्हणालो, "तो फिर पंद्रह हजार और बढाओ."

त्याने लगेच वाढवले.