पाणचक्कीखालचा धनी

२७ ऑगस्ट

धनी आला! पाणचक्कीखालच्या बिळातून त्या हान्झाकेचं, पाण्यातल्या पालीसारख्या अजस्र प्राण्याचं, रुंद डोकं बाहेर दिसत होतं.

किनुयोबाई ब्याऐंशी वर्षांच्या. कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून काचेच्या तळाची पेटी धरून अर्धा तास बघत होत्या. मी त्यांची काठी घेऊन शेजारी, थंडीने दात वाजताहेत. चौतीस वर्षं याच नदीकाठाने बस चालवली, पण नदीत पाय घातला नव्हता. निवृत्त झालो आणि या शेजारणीने उतरवलं.

"पुढच्या डाव्या पायाला तीनच बोटं. तोच तो."

"दुसरा कुणी नसेल कशावरून?"

"गर्दीत बायकोला ओळखतोस ना? तसंच."

घरी सायोकोला सांगितलं. म्हणाली, "मी केस कापले ते चार दिवसांनी कळलं तुम्हाला. तुम्ही नका सांगू ओळखण्याचं."

३१ ऑगस्ट

पाऊस. पाणी गढूळ. काही दिसलं नाही.

५ सप्टेंबर

अंडी घातली! लांबच लांब माळा, मणी काचेसारखे. प्रत्येकात पिवळा ठिपका.

आत्तापर्यंत तीन माद्या येऊन गेल्या म्हणे. त्या घालतात आणि जातात, राहतो तो बाप. शेपूट हलवून अंड्यांवर ताजं पाणी फिरवत राहतो. मेलेली अंडी खाऊन टाकतो, म्हणजे बाकीची सडत नाहीत. पिल्लं निघाली तरी हा दारात, थेट फेब्रुवारीपर्यंत. मग डोक्यामागे पिसांसारखे कल्ले घेऊन ती प्रवाहात जातात. ते कल्ले झडायला आणखी चार-पाच वर्षं.

हे सगळं किनुयोबाईंनी पुस्तकातून नाही, बघून शिकलेलं. थक्क होतो मी.

माझ्या दोन्ही मुली लहान असताना पहाटेची पहिली गाडी माझी असायची. त्या झोपेत, मी बाहेर.

१४ सप्टेंबर

विद्यापीठातून आरिमोतोबाई आल्या. त्या त्याला 'महाकाय सॅलमँडर' म्हणतात, आम्ही नुसतं हान्झाके. जाळीत धरला तेव्हा अंगातून पांढरा चीक सुटला. तिरफळासारखा वास, बाही दोनदा धुतली तरी जात नाही.

त्याच्या पाठीवरून कापसाचा बोळा फिरवून तपासणीसाठी बाटलीत घातला आणि त्याला परत सोडलं. म्हणाल्या, पन्नासेक वर्षांपूर्वी लोकांनी चीनमधून खाण्यासाठी हान्झाके आणले. काही नद्यांत सुटले, इथल्यांत मिसळले. खालच्या धरणाशी मिश्र सापडलेत. ते दांडगे होतात, इथल्यांना चावून बिळांतून हुसकतात.

"डोक्यावरच्या बारीक गाठी बघून कळत नाही?" मी विचारलं.

"इथल्याच्या विखुरलेल्या, तिकडच्याच्या जोडीजोडीने. मिश्रात दोन्ही. भले भले फसतात."

किनुयोबाईंनी सरळ विचारलं, "मिश्र निघाला तर?"

"मारत नाही, आजी. आमच्या टाकीत ठेवतो. अंडी मात्र..."

त्या बाटलीचं झाकण घट्ट लावत राहिल्या.

२ ऑक्टोबर

निकाल नाही. किनुयोबाई रोज जातात. मीही.

१७ ऑक्टोबर

सकाळी आरिमोतोबाईंचा फोन. मिश्र आहे.

किनुयोबाई अंगणात मुळे धूत होत्या. सांगितलं. हात थांबले नाहीत, फक्त नळ बंद करायला विसरल्या. तो मी केला.

"एक सुचवू का?" मी म्हणालो. "पाऊस झालाय. बीळ वाहून गेलं म्हणून सांगतो. कोण बघायला येतंय?"

त्यांनी मान वर केली. "वरच्या बंधाऱ्यापलीकडे आपल्या नदीचे किती उरलेत, ठाऊक आहे?"

"नाही."

"मला दिसले ते अकरा. याची पोरं मोठी होऊन वर चढली की तेही संपले. तू फोन कर. बिळात अंडी कुठे ते मी दाखवते."

या बाईने त्याची बोटं मोजून ठेवलीत. आणि अंडी तीच दाखवणार. मला हे जमलं नसतं.

२१ ऑक्टोबर

नेला.

एक मीटर बारा सेंटिमीटर. दोन माणसं लागली. जाळीतून दोनदा निसटला आणि दोन्ही वेळा पळून न जाता बिळाच्या तोंडाशी जाऊन बसला. तिसऱ्यांदा किनुयोबाईंनीच हाताने त्याचं डोकं वळवलं. चावला नाही. का, ते माहीत नाही.

मग अंडी. आता आत पिल्लं वळवळताना दिसत होती, डोळे काळे. दोन बादल्या भरल्या. आरिमोतोबाई प्रत्येक माळ मोजत होत्या.

मी म्हणालो, "तुम्ही घरी चला आता."

"तू जा. आपण सांगितलं म्हणून चाललंय हे. शेवटपर्यंत बघायला नको?"

शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. मीही गेलो नाही.

२४ ऑक्टोबर

सकाळी किनुयोबाई आल्या. बसा म्हटलं तरी दारातच उभ्या.

म्हणाल्या, "त्रेपन्न वर्षांपूर्वी मी गरम झऱ्यावरच्या खानावळीत स्वयंपाकाला होते. मालकाने चीनचे दोन हान्झाके आणले. एक पाहुण्यांना वाढला. दुसरा मला कापायला सांगितला. नाही झालं माझ्याने. टोपलीत घालून पाणचक्कीखाली सोडला. पुण्य केलं असं वाटलं. मग रोज बघायला जायची, जगला का म्हणून. हा धनी त्याचाच वंश असणार."

मी खुर्ची दारातच आणून ठेवली.

"विद्यापीठात नेशील मला? त्या मुलीला तोंडावर सांगायचंय."

उद्या सातला निघतो आहोत.